डोहाची राखण आणि साहेबांची छत्री

चंद्रपूर जिल्ह्यात जन्मलेल्या माणसाला जगात कुठंही एकच प्रश्न विचारतात: वाघ पाहिला का? पाहुण्यांनी विचारलं तर मी सोसते. पण माझं काम नदीचं, तलावाचं, माशांचं. मी कचेरीत जाऊन एखाद्या डोहाबद्दल घसा कोरडा करते, आणि टेबलापलीकडचा माणूस चहाचा घोट घेऊन म्हणतो, "ते ठीक आहे, पण तिथं वाघ आहे का?"

नाही. वाघ नाही. तिथं शिंपले आहेत, कासवं आहेत, दगडाला चिकटून जगणारे बोटभर मासे आहेत. ते डरकाळी फोडत नाहीत, त्यांच्यासाठी सफारीची जिप्सी लागत नाही, आणि त्यांच्यासोबत फोटो काढला तर लोक विचारतात, भाजी कशी झाली होती?

माझा हात पत्रकांवर बसला आहे. ऊर्जानगरच्या वसाहतीत वाढले, वडील वीज केंद्रात फिटर. एप्रिलातल्या जयंतीचं पत्रक मी नववीपासून लिहीत आले. पत्रकाची पहिली ओळ ‘जागे व्हा’, शेवटची ‘आता नाही तर कधीच नाही’, आणि मध्ये जागा उरली तर मुद्दा. या अंकाच्या संपादकांनी निरोप दिला आहे की लेखात घोषणा नकोत. प्रयत्न करते.

गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी कोणत्या जागा महत्त्वाच्या आहेत हे शोधायचं, आणि त्या राखल्या जाव्यात म्हणून भांडायचं, हा माझा धंदा. प्रत्यक्षात मी गावोगाव जाऊन तीनच गोष्टी विचारते. नदी आटल्यावर पाणी कुठं उरतं? पावसात मासे अंडी घालायला कुठं चढतात? आणि तुमच्याकडे असं काय आहे जे शेजारच्या गावात नाही? या तीन उत्तरांवर नकाशात खुणा पडतात. उन्हाळ्यात आमच्या जंगलातल्या नद्या म्हणजे मैलोन्‌मैल रेती आणि गोटे. अख्ख्या नदीचा जीव तेव्हा दोन-चार डोहांत गोळा होतो. पावसात नदी वाहती झाली की तिथूनच तो पुन्हा सगळीकडे पसरतो. म्हणजे डोह हे नदीचं बियाणं. बियाणं भाजून खाल्लं तर पुढं पेरणार काय, एवढी साधी गोष्ट आहे. ती सांगता सांगता माझे सात-आठ उन्हाळे गेले.

जंगलाचे नकाशे झाडांसाठी काढलेले. आलापल्लीचा साग कुठं, बांबू कुठं, सगळं त्यांत आहे. नदी म्हणजे वनखात्याच्या दोन कंपार्टमेंटमधली निळी रेघ. या बाजूचं जंगल एकाचं, त्या बाजूचं दुसऱ्याचं; मधल्या पाण्याचं विचारलं की दोघेही समोरच्या काठाकडे बोट दाखवतात. मासेमारीच्या खात्यात गेले तर ते म्हणतात, किती टन निघतो ते सांगा.

आणि तलाव. एका तालुक्याच्या गावी जुना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव होता. धानाला पाणी द्यायला पूर्वजांनी बांधलेला. त्याच्या उथळ काठाला गवत, लव्हाळे, कमळं. माशांची पिल्लं तिथंच वाढायची, पाणकोंबड्या तिथंच घरटी घालायच्या. गावातले मासेमारी करणारे ढिवर लोक त्या काठाला जाळं लावत नसत. मी पत्रक काढलं, ‘काठ वाचवा’. वर्षभरात सौंदर्यीकरण आलं. मशीननं काठ खरवडला, चारी बाजूंनी दगड बसवले, वर फिरायला रस्ता, मध्ये रंगीत दिव्यांचं कारंजं. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी माझ्याच पत्रकातली ओळ भाषणात वाचली, ‘तलाव हे आपल्या गावाचे वैभव आहे’, आणि बटण दाबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं मला कोपरखळी दिली, "वाजव ना व. तुयंच तर हाय."

तेव्हापासून मी पत्रकात ‘वैभव’ हा शब्द लिहीत नाही.

आता त्या डोहाचं सांगते. गावाचं नाव सांगणार नाही. मागं दुसऱ्या एका डोहाचा कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ टाकला, तर पुढच्या रविवारी तिथं पोरं ब्लिचिंग पावडरच्या पिशव्या घेऊन पोचली. ती पाण्यात टाकली की मासे गुदमरून वर येतात, हातानं गोळा करायचे. म्हणून एवढंच, की आलापल्लीच्या पुढं, सूरजागडच्या लोहखाणीकडून येणाऱ्या ट्रकांची लाल धूळ जिथं कमी होते तिथून आत वळायचं. गाव माडिया आदिवासींचं. धान, मोह, तेंदूपत्ता यांवर चालणारं.

मला तिथं पहिल्यांदा त्यांच्या शाळेचे मास्तर घेऊन गेले. भर उन्हात डोहावर पोचलो. काळ्या खडकांच्या मधोमध हिरवं गार पाणी. मी हात-तोंड धुवायला वाकले, तर मास्तरांनी मागून ओढणीच धरली. "नाई नाई ताई, हात नका घालू. खालच्या अंगाला चला." मी कुठं पाऊल टाकते, काय उचलते, हे ते दिवसभर पाहत राहिले. मला वाटलं, गृहस्थ भित्रा आहे.

गावाचा नियम असा. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुलं पडायला लागली की डोह बंद. मग नदी वाहती होईपर्यंत त्यात जाळं नाही, गळ नाही, भांडं नाही, हात नाही. नदी आली की पूजा होते, डोह उघडतो, आणि सगळ्या गावाची मिळून मासेमारी होते. हे सांभाळायचं काम गायत्याचं. गायता म्हणजे गावाच्या पूजा आणि गावाचे नियम पाहणारा माणूस. तिथले गायता सन्नूभाऊ. बारीक अंगाचे, बोलायला लागले तर चार शब्द, तेही तुमच्याकडे न पाहता. त्यांच्या वाट्याचं सगळं बोलणं त्यांच्या मोठ्या बहिणीकडे, रैनूबाईकडे गेलेलं. बाजारात आणि कंत्राटदारांशी भांडून भांडून तिची मराठी माझ्याहून धारदार झाली आहे.

या डोहाच्या खालच्या अंगाला रेतीचा मोठा पट्टा आहे. तो बांधासारखा आडवा पडला आहे म्हणून पाणी अडतं. तोच पट्टा रेतीघाटांच्या लिलावासाठी सुचवल्याची बातमी आली. रेती निघाली की डोह फुटक्या मडक्यासारखा रिता होणार, आणि तोही ऐन उन्हाळ्यात. ग्रामसभेनं ठराव केला, मी प्रस्ताव लिहिला: ही जागा जलजैवविविधतेसाठी महत्त्वाची म्हणून नोंदवा आणि लिलावातून वगळा. पाठपुरावा केला, उन्हातान्हात कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, आणि अखेर मे महिन्यात मासेमारीच्या खात्याचे साहेब पाहणीला यायला तयार झाले. मीच त्यांना आलापल्लीहून घेऊन गेले.

साहेब वाईट माणूस नाहीत. मत्स्यशास्त्र शिकलेले, घामाघूम होऊन खडक चढले, पाणी पाहून खरोखर खूश झाले. मग रुमालानं मान पुसत म्हणाले, "छान. आता मासे दाखवा."

"आत आहेत," मी म्हटलं.

"आत आहेत हे तुम्ही म्हणता. मला माशाची जात पटवावी लागते. एकदा जाळं टाका, मोजमाप घेतो, फोटो काढतो, परत सोडतो. दहा मिनिटांचं काम."

मी सन्नूभाऊंकडे पाहिलं. ते झाडाकडे पाहत म्हणाले, "नाई."

"भाऊ, मासा मरणार नाही. परत सोडायचा आहे."

"नदी आली की या म्हणा."

"नदी आल्यावर लिलाव होऊन गेलेला असेल," मी म्हटलं. "आणि तेव्हा मासे नदीभर गेलेले. डोह महत्त्वाचा आहे हे आत्ताच दिसणार."

"दिसू राह्यला ना डोह. आंधया हाये का सायेब?"

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी रैनूबाईकडे वळले. तेंदूपत्त्याचे दिवस, सगळं गाव पानं तोडून पुडे बांधण्यात गुंतलेलं. तीही मांडीवर पानांची चळत घेऊन पुडे बांधतच आली होती. मी म्हटलं, "बाई, तुम्ही तरी सांगा. एकदाच."

तिनं दोरी दातात धरली, गाठ मारली, मग बोलली. "तुया पत्रकात काय लिवलं व्हतं व? पोरीनं वाचून दाखवलं आमाले. ‘डोहात कोणीही हात घालू नये.’ कोणीही. आता तूच म्हणतं, घाला. मंग पत्रक काऊन छापलं, चिवडा बांधाले?"

माझी दोन्हीकडून कोंडी झाली. साहेबांचा नियम: मासा हातात आल्याशिवाय नोंद नाही. गावाचा नियम: डोहातला मासा हातात घ्यायचा नाही. गावानं डोह इतका नीट राखला की तो राखण्यासारखा आहे याचा पुरावाच शिल्लक ठेवला नाही. पावडर टाकून मेलेल्या माशांचा ढीग पडला असता तर साहेबांनी तासाभरात जाती लिहून घेतल्या असत्या. हे मी मोठ्यानं बोलले. साहेब म्हणाले, "बाई, चिडू नका, सिस्टिम आहे." सन्नूभाऊ पुन्हा झाडाकडे पाहायला लागले. मला त्या क्षणी दोघांचाही सारखाच राग आला.

तेवढ्यात वरच्या खडकामागून पाण्याचा धबाक आवाज आला, आणि पाठोपाठ माणसाचा. "सायेब. ओ सायेब. या ना इकडं, हाताले आवरून नाई राह्यला."

साहेबांचा ड्रायव्हर प्रवीण. कंत्राटी पोरगा, वणीकडचा. आम्ही खाली वाद घालत होतो तोवर तो सावली शोधत वर गेला. डब्यातली पोळी उरली होती. गाडीत गळ कायमच असायचा. पोळीची गोळी केली आणि सोडला गळ. खडकावर एक मासा तडफडत होता. हाताएवढा लांब, रुपयाएवढे खवले, पाठ पितळेसारखी. महासीर. इकडच्या नद्यांतून जवळजवळ गेला असं म्हणतात तो.

साहेब चपला टाकून धावले. गुडघ्यावर बसले. "अरे बापरे," एवढंच म्हणाले, आणि क्षणभर ते साहेब नव्हते, परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी होते. सन्नूभाऊंनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं, ओल्या हातानं गळ काढला, मासा पाण्यात धरला. कल्ले हलायला लागेपर्यंत धरून ठेवला. मग सोडला.

मी म्हटलं, "साहेब, पाहिलात ना? लिहा आता."

साहेब उठले, पँट झटकली. "काय लिहू? बंद डोहात, माझ्या पाहणीत, माझ्या ड्रायव्हरनं गळ टाकून दुर्मीळ मासा पकडला? त्याची नोकरी जाईल, माझी चौकशी लागेल."

"मग मासा पाहिला एवढंच लिहा."

"कसा पाहिला, हे फॉर्मात खालच्या रकान्यात विचारतातच."

प्रवीणचा चेहरा पोळीच्या गोळीएवढा झाला होता.

गाव जमलं. कोणी ओरडलं नाही, कोणी गाडी अडवली नाही. पानं तोडणारी माणसं आली आणि सावलीत बसली, एवढंच. पण ती बसली की कोणी जाऊ शकत नाही हे साहेबांनाही कळलं. रैनूबाईनं मधोमध बसून विचारलं, "गळ कोणं टाकला?"

"मी," प्रवीण म्हणाला. "चूक झाली, मावशी."

"तुले कोणं आणलं?"

त्यानं साहेबांकडे पाहिलं.

"आन् सायेबाले?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मला मास्तरांनी ओढणी का धरली होती ते समजलं. या गावात पाहुण्याला दंड नसतो. पाहुण्याला काय कळतं? जो त्याला आणतो त्यानं त्याचं उत्तर द्यायचं. आणि दंड पैशाचा नाही, कोंबड्याचाही नाही. ज्याच्या बाजूनं डोहाचा नियम मोडला, त्यानं नदी येईपर्यंत डोहाची राखण करायची. सकाळी उजाडताना खडकावर येऊन बसायचं, सूर्य बुडाला की गावात परत. गावातल्या कितीतरी जणांनी हे कधी ना कधी भोगलं आहे. सन्नूभाऊंनी स्वतःसुद्धा, जावयापायी.

मी भांडले. मी भांडणारच. मी या डोहासाठी किती खेटे घातले ते सांगितलं, जिल्ह्यात मीटिंगा आहेत, दोन तलावांची कामं अर्धवट आहेत. रैनूबाई शांतपणे ऐकत पुडे बांधत राहिली. शेवटी म्हणाली, "तू राखणाले तर आली ना इथी? मंग राख."

साहेब निघाले. जाताना अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "तुमची कमाल आहे." प्रवीण माघारी पळत आला आणि गाडीतली मोठी काळी छत्री माझ्यापुढं ठेवली. "ताई, ऊन लय हाये. सायेबाले सांगू नका." गाडी गेली. मी छत्री उघडली. आत पांढऱ्या रंगानं कार्यालयाचं नाव लिहिलेलं होतं.

पुढचे दिवस मी खडकावर बसून काढले. मास्तरांच्या घरी मुक्काम, शाळेच्या सोलरवर मोबाइल चार्ज करायचा, आणि उजाडता डोह. सुरुवातीचे दिवस मी नुसती चिडून बसले. रैनूबाई पानांचा भारा घेऊन जाताना हाक मारायची, "झोपली का व, पत्रकवाली?" आणि मी ओरडून सांगायची, जागी आहे. पत्रकाची माझी पहिली ओळ माझ्यावरच उलटली होती.

मग हळूहळू चीड बाजूला ठेवून पाहायला लागले, कारण दुसरं करायला काही नव्हतं. डोह सकाळी वेगळा असतो. ऊन तिरपं पडलं की पाणी तळापर्यंत उघडतं. महासीर एक नव्हता, कळप होता. सकाळी खडकाच्या कडेनं एकामागोमाग फिरायचा. वांब मासा, सापासारखा, फटीतून तोंड काढून बसायचा. वरच्या सपाट दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा मिळाली. पाणमांजरं येत होती, मला न दिसता. मी सगळ्याचे फोटो काढले. हात न घालता, जाळं न टाकता. जात पटेल इतके स्वच्छ फोटो. माझ्या सगळ्या कामात मी एका जागी एवढी कधी बसलेच नव्हते. सर्वेक्षण म्हणजे जायचं, मोजायचं, पुढच्या गावाला पळायचं, हेच आम्हाला शिकवलेलं.

एक दिवस खालच्या रेतीवर दोन माणसं दिसली. टेप घेऊन मोजत होती. मी छत्री मिटून तरातरा खाली गेले, घोषणा ओठांवर तयार होत्या. पण रैनूबाई माझ्या आधी पोचली होती.

"कोणं आणलं तुमाले?"

"कोणी नाही, बाई. आम्ही रेती पाहायला आलो."

"कोणं तरी आणलं असन. गावातलं कोण? नाव सांगा."

त्यांनी आमच्यामागं जमलेल्या माणसांकडे पाहिलं. एकही डोकं हललं नाही. भर उन्हात राखण करत बसलेली मी तिथं जिवंत उदाहरण म्हणून उभीच होते. कोण म्हणेल, मी आणलं? दोघांनी टेप गुंडाळली आणि ते गेले. मी घोषणा दिलीच नाही.

नदी आली. वरच्या डोंगरात पाऊस झाला असावा, इकडं आभाळ कोरडंच होतं. पहिल्यांदा फेसाची एक रेघ रेतीवरून सरकत आली, मग गढूळ पाणी, मग आवाज. सन्नूभाऊंनी पूजा केली आणि झाडाकडे पाहत मला म्हणाले, "जा आता." माझी सुटका झाली. छत्री तिथंच कपारीत राहिली, घाईत.

फोटो घेऊन प्रस्ताव पुन्हा दिला. तो कुठं आहे मला माहीत नाही. मी विचारते, ते म्हणतात ‘विचाराधीन’. तो रेतीपट्टा मात्र या वर्षीच्या लिलावातून वगळला गेला. मी आनंदानं उडाले आणि कारण वाचलं: ‘वाहतुकीस योग्य रस्ता उपलब्ध नाही.’ महासीर नाही, पाणमांजर नाही, गावाची पिढ्यान्‌पिढ्यांची राखण नाही. ट्रक वळत नाही म्हणून डोह वाचला. आणि रस्ता तर मंजूर आहे. पुढच्या वर्षी होईल.

कचेरीकडून एवढ्या महिन्यांत माझ्याशी संपर्क झाला तो छत्रीसाठी. साठ्यात एक छत्री कमी भरते म्हणे, आणि ती शेवटची डोहाच्या पाहणीला नेल्याची नोंद आहे. आधी कारकुनाचा फोन, मग मोठ्या कारकुनाचा. मी गावात गेले तेव्हा हे रैनूबाईला सांगितलं. म्हटलं, देऊन टाकू या ती छत्री, नसती कटकट.

तिनं विचारलं, "छत्री कोणं ठेवली इथी?"

"प्रवीणनं."

"त्याले कोणं आणलं?"

"साहेबांनी."

"मंग सायेबालेच येऊ दे. तू मधात नको पडू या वख्ताले. बसली ना एकदा?"

परवा स्वतः साहेबांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर छत्रीवर आले. मी सांगितलं, छत्री सुखरूप आहे, डोहावर आहे, तुम्हालाच येऊन न्यावी लागेल. आणि या खेपेला मी आणणार नाही, तुम्ही आपले आपण या. मोहफुलं पडल्यावर आलात तर महासीर दिसेल, जाळं लागणार नाही. फक्त सकाळपासून बसावं लागतं.

मग साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "तिथं बसायला सावली आहे का हो?"

"आहे," मी म्हटलं. "तुमचीच छत्री आहे."